जिन्यावरचं वजन



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही जण मनातल्या मनात हसले असतील. कार्पेट धुण्याचं जड यंत्र जिन्यावरून वर कसं न्यावं आणि खाली कसं आणावं, यावर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने काय बोलावं? त्यांच्यासाठी आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात कर्माची, म्हणजे हालचालीची चर्चा आहे आणि ती सुरू होते ती मुसळापासून. हाताने मुसळ वर कसं जातं, खाली कसं येतं, त्यात हाताचा वाटा किती आणि मुसळाचा किती, असे प्रश्न तिथे आहेत. उखळ-मुसळावर आपले पूर्वज इतक्या गंभीरपणे बोलू शकत होते, तर आपल्याला एका यंत्राची लाज वाटायचं कारण नाही.

आधी परिस्थिती समजून घेऊ. आपल्याकडे पूर्वी सतरंजी किंवा जाजम मळलं की ते खाली जायचं. अंगणात, विहिरीवर, नदीच्या घाटावर. तिथे ते झोडपायचं, धुवायचं, वाळवायचं आणि गुंडाळून परत आणायचं. म्हणजे मळलेली वस्तू पाण्याकडे जायची. आता ऑफिसात, हॉटेलात, नाट्यगृहात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवलेलं असतं. घरातला मोठा सोफा तर दारातून बाहेरही निघत नाही. ते खाली जाऊ शकत नाही, म्हणून पाणी आणि यंत्र दोन्ही वर यावं लागतं. साफसफाईची दिशाच उलटी झाली, आणि त्या उलट्या दिशेच्या वाटेत जिना आला.

यंत्रात असतं काय? एक स्वच्छ पाण्याची टाकी, एक घाण पाण्याची टाकी, पाणी दाबाने फवारणारा पंप आणि ते लगेच ओढून घेणारी मोटर. कोमट साबणपाणी कार्पेटच्या तंतूंत शिरतं, मळ सोडवतं आणि मळासकट परत ओढलं जातं. घरगुती लहान यंत्र एका हाताने उचलता येतं. धंद्यासाठी वापरतात ते मात्र चांगलंच जड असतं. आपण हिशेबासाठी ६० किलोचं धरू. टाक्या रिकाम्या असताना ६० किलो. ही रिकाम्या टाकीची अट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता जिना. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरांच्या जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाय ठेवायची जागा २५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी, असं सांगितलं आहे. आपण बरा जिना धरू, पायरीची उंची १८ आणि रुंदी २७. फ्रान्सचा वास्तुशास्त्रज्ञ ब्लोंदेल याने सतराव्या शतकात एक नियम दिला होता. पायरीची उंची दुप्पट करून त्यात रुंदी मिळवली की माणसाचं एक सहज पाऊल यावं. आपल्या जिन्याचे ६३ सेंटिमीटर येतात. अगदी सुखाचा जिना आहे. पण हा सगळा विचार मोकळ्या हाताने चढणाऱ्या माणसाचा आहे, हे बघा. जिना बांधताना सामान वाहणाऱ्याचं पाऊल कुणी मोजलेलं नसतं.

आता पहिला प्रश्न. हे यंत्र तिसऱ्या मजल्यावर नेलं तर काम किती झालं?

भौतिकशास्त्राला विचारलं तर ते चटकन उत्तर देतं. तीन मजले म्हणजे साधारण ९ मीटर उंची. ६० किलो, ९.८ आणि ९ यांचा गुणाकार करा. ५,२९२ जूल. आहाराच्या भाषेत सव्वा किलोकॅलरी. एक ग्रॅम साखरेत चार किलोकॅलरी असतात, म्हणजे हे झालं चिमूटभर साखरेचं काम! आणि यंत्र खाली आणलं की तेवढी ऊर्जा यंत्राने परत दिली, हिशेब शून्य. मध्येच जिन्याच्या वळणावर तुम्ही यंत्र हातात धरून पाच मिनिटं उभे राहिलात, तर भौतिकशास्त्राच्या मते यंत्रावर काहीच काम झालं नाही. कारण यंत्र हललंच नाही.

यात भौतिकशास्त्राचं चुकत नाही. त्याने 'काम' हा शब्द स्वतःच्या सोयीसाठी बांधून घेतला आहे आणि तो यंत्राच्या बाजूने मोजला आहे. माणसाच्या बाजूने मोजायला लागलो की वेगळंच दिसतं. स्नायू वजन धरून स्थिर असला तरी आतून सतत आकुंचन पावत असतो, ऊर्जा जाळत असतो. उतरताना तर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता वजन पेलत असतात. ही ताणातली मेहनत फसवी असते. त्या वेळी दम फारसा लागत नाही, पण एक-दोन दिवसांनी मांड्या धरतात. गड चढून-उतरून आलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. मग मराठीत आपण 'काम' आणि 'कष्ट' असे दोन शब्द का ठेवले, ते कळतं. मजुरी ठरते ती बहुतेक वेळा कामाची. शरीर पैसे मोजतं ते कष्टाचे.

दुसरा प्रश्न थोडा खोल आहे. वजन दिसतं का?

प्रशस्तपादांनी वैशेषिक दर्शनावर 'पदार्थधर्मसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. त्यात चोवीस गुण सांगितले आहेत, त्यातला एक गुरुत्व. ते म्हणतात, गुरुत्व पृथ्वी आणि जल या द्रव्यांत असतं आणि ते पडण्याचं कारण आहे. पुढे ते जे सांगतात ते आमच्या मते फार महत्त्वाचं आहे. गुरुत्व प्रत्यक्ष दिसत नाही, त्याचं अनुमान करावं लागतं, आणि ते अनुमान वस्तू पडते यावरून होतं. रंग डोळ्याला दिसतो, वास नाकाला कळतो. गुरुत्व मात्र पडण्यावरून ओळखायचं. पुढच्या काळात काही आचार्यांनी यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, गुरुत्व स्पर्शाने कळतं, हातात घेतल्यावर कळतं.

हा वाद आम्ही वर्गात अनेकदा शिकवला. तो कोरडा वाटतो. पण जिन्यावर आणून ठेवा, लगेच जिवंत होतो. सोफ्यावर बसलेल्या घरमालकाला यंत्र दिसतं. त्याचा निळा रंग दिसतो, चाकं दिसतात. वजन दिसत नाही. जो उचलतो त्यालाच ते हाताने कळतं. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे आहेत. वाहणाऱ्याला गुरुत्व स्पर्शाने कळतं आणि बघणाऱ्याला ते पडल्यावरच कळतं. आता पडल्यावर कळणं म्हणजे काय? जिन्यावर पडणं म्हणजे कुणाच्या तरी पायावर, गुडघ्यावर, छातीवर पडणं. बघणाऱ्याचं ज्ञान पक्कं होण्यासाठी वाहणाऱ्याचं हाड मोडावं लागतं. ही ज्ञानाची फार महाग पद्धत झाली. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढंच सांगायचं आहे की ती महाग पद्धत टाळायची असेल, तर न उचलणाऱ्यानेही आधी वजनाचं अनुमान करायला शिकलं पाहिजे.

तर शिकू या. दोन माणसं यंत्र घेऊन जिना चढताहेत. एक वर, एक खाली. दोघांनी यंत्र बुडाशी धरलं आहे. वजन कसं वाटलं जाईल? बहुतेक लोक म्हणतात, निम्मं निम्मं. सपाट जमिनीवर ते खरं आहे. जिन्यावर नाही.

यंत्राची लांबी १०० सेंटिमीटर धरा आणि त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेपेक्षा २५ सेंटिमीटर वर आहे असं धरा. जिन्याच्या उताराइतकं यंत्र तिरकं झालं की हा मध्य खालच्या माणसाच्या बाजूला सरकतो. आपल्या १८ बाय २७ च्या जिन्यावर गणित मांडलं तर वरच्याच्या वाट्याला एक तृतीयांश येतं आणि खालच्याच्या वाट्याला दोन तृतीयांश. वरच्याला २० किलो, खालच्याला ४०. दोघंही प्रामाणिक आहेत, कुणी अंग चोरत नाही, तरी एकावर दुसऱ्याच्या दुप्पट भार आहे. शंका वाटली तर घरी पुस्तकांचा उभट खोका घेऊन दोन पायऱ्यांवर करून बघा. जागा बदलून पुन्हा बघा.

यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, पकड वर घेतली, म्हणजे गुरुत्वमध्याच्या उंचीवर मुठी असल्या, तर वाटणी पुन्हा सारखी होते. याचा अर्थ मूठ कुठे बसवायची हे कारखान्यात ठरवणारा इंजिनिअर त्या क्षणी दोन अनोळखी माणसांमधली वाटणी ठरवत असतो. दोन, टाकीत पाणी असेल तर पाणी तिरक्या टाकीत खालच्या बाजूला जातं. म्हणजे ज्याच्यावर आधीच जास्त भार आहे त्याच्याकडेच आणखी वजन धावतं, आणि प्रत्येक पायरीला ते हिंदकळतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४० लिटरची टाकी भरलेली असेल तर ६० चं यंत्र १०० किलोचं झालं.

मग खाली कोण उभं राहतं? ताकदीने बघितलं तर दोघांतला धडधाकट तिथे हवा. पण बहुधा तिथे नवा असतो, वयाने लहान असतो. कारण वरचा जुना आहे, त्याला वाट माहीत आहे, तो सांगणार आणि हा ऐकणार. समाजात जे घडतं ते जिन्यावर घडतं, एवढंच. फक्त जिन्यावर ते किलोत मोजता येतं.

पाठीचा हिशेबही थोडक्यात बघू. वजन अंगापासून जितकं लांब, तितका कण्यावरचा ताण जास्त. पाठीचे स्नायू मणक्यांच्या चकतीपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर काम करतात. २० किलोचं ओझं ५० सेंटिमीटर पुढे धरलं, तर तेवढ्यासाठी स्नायूंना साधारण दहापट, म्हणजे २०० किलोइतका ओढा लावावा लागतो. तेच ओझं २५ सेंटिमीटरवर आणलं की निम्मा ताण. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये वजन उचलण्याचं सुधारित सूत्र काढलं. त्यात सगळं काही अनुकूल असताना, ओझं अंगाजवळ असताना, धरलेला आकडा २३ किलो आहे. ओझं ५० सेंटिमीटर लांब गेलं की तो निम्म्यावर येतो. आणि हे सूत्र एका जागी उभं राहून दोन्ही हातांनी उचलण्यासाठी आहे, जिन्यासाठी नाही. आता आपल्या खालच्या माणसाचे ४० किलो आठवा. तोही पायऱ्यांवर, पुढचं पाऊल न दिसता.

उपाय काय? इथे पुन्हा प्रशस्तपादांकडे जाऊ. गुरुत्वाला विरोध करणाऱ्या तीन गोष्टी ते सांगतात. संयोग, प्रयत्न आणि संस्कार. संयोग म्हणजे आधार, वस्तू कशाला तरी टेकलेली असणं. प्रयत्न म्हणजे आपली मेहनत. संस्कार म्हणजे इथे वेग, सुटलेला बाण लगेच पडत नाही तो ज्यामुळे. जिन्यावरची सगळी युक्ती या तीन शब्दांत बसते.

प्रयत्नावर आपण सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो. 'लाव रे जोर', 'उचल, होईल'. जोर तर लागतोच, पण प्रयत्न थकतो. तिसऱ्या मजल्याला सुमारे पन्नास पायऱ्या होतात. पहिल्या पायरीवरचा प्रयत्न आणि पन्नासाव्या पायरीवरचा प्रयत्न एक नसतो, गुरुत्व मात्र तेवढंच राहतं.

संस्कार, म्हणजे वेग, हा त्याहून धोक्याचा मित्र. चढताना झटका देऊन दोन पायऱ्या मारून नेता येतं. उतरताना तोच वेग उलटतो. यंत्र एकदा पायऱ्या उतरायला लागलं की प्रत्येक पायरीला त्याचा वेग वाढतो आणि थांबवायला लागणारा जोरही वाढतो. म्हणून उतरताना वेग जमूच द्यायचा नाही. एक पायरी, टेकवलं, थांबलो, मग पुढची.

राहिला संयोग. शहाणपण सगळं इथे आहे. यंत्राचा भार शक्य तितका वेळ पायरीवर असू द्यायचा, अंगावर नाही. मागे मोठी चाकं असलेलं यंत्र एकट्याने न्यायचं तर माणूस कायम यंत्राच्या वरच्या बाजूला हवा. चढताना आपण वर उभं राहून यंत्र एकेक पायरी ओढून घ्यायचं, उतरताना यंत्र पुढे खाली आणि आपण मागे वर, ते धरून सोडत जायचं. यंत्राच्या खाली एकटा माणूस कधीही नको, कारण सुटलं तर त्याला पळायला जागा नाही. चाकाचंही एक गणित आहे. चाकाची त्रिज्या पायरीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर नुसतं आडवं ओढून चाक पायरी चढत नाही, ते उचलावंच लागतं. १८ सेंटिमीटरच्या पायरीला ३६ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाचं चाक हवं. लहान चाकांवर तोडगा म्हणून तीन चाकं त्रिकोणात बसवलेल्या ट्रॉल्या मिळतात. एक चाक अडलं की त्रिकोण फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर बसतं. बॅटरीवर चालणाऱ्या जिना चढणाऱ्या ट्रॉल्याही आहेत. प्रत्येक वळणावर यंत्र पूर्ण टेकवून विसावा घेणं, हाही संयोगच.

पण याहून मोठा उपाय म्हणजे वजनच कमी करणं. नळ्या, कांडी, साबणाचे कॅन वेगळे न्यायचे. टाक्या सुटणाऱ्या असतील तर सोडवून न्यायच्या. दोन तुकड्यांत उघडणारं यंत्र घ्यायचं, मग दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील. अमेरिकेत तर बऱ्याच ठिकाणी यंत्र गाडीतच बसवलेलं असतं, रस्त्यावर उभं, आणि वर जाते ती फक्त लांब नळी. यंत्राने जिना चढायलाच हवा का, हा प्रश्न तिथे कुणीतरी विचारला म्हणून ते झालं.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना संघटित केलं, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. बाजारात १०० किलोची पोती पाठीवर घेतली जात होती, तेव्हा हमालांच्या चळवळीने मागणी केली ती ५० किलोच्या पोत्याची. यातली दृष्टी बघा. 'वाकायचं कसं, पाठ ताठ ठेवायची कशी' हे त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी बोट ठेवलं ते पोत्यावर. माणसाला पोत्याजोगा घडवण्यापेक्षा पोतं माणसाजोगं करा. यंत्रालाही तोच न्याय लावायचा.

इथे कुणी विचारेल, आणि रास्त विचारेल, की त्या मुलांना याचे पैसे मिळतात ना? त्यांनी स्वतःहून काम घेतलं ना? मिळतात, आणि घेतलंही. पण पैसे ठरतात ते सोफ्याच्या सीटवर, कार्पेटच्या चौरस फुटावर. मजल्यावर ठरत नाहीत. मोबाइलवर वेळ ठरवताना पत्ता विचारतात, लिफ्ट आहे का हे प्रत्येक जण विचारतोच असं नाही. म्हणजे ज्या कष्टाचा सौद्यात उल्लेखच झाला नाही, त्याचे पैसे दिले असं कसं म्हणायचं? संमती घ्यायची तर ज्याला संमती, ते आधी माहीत असावं लागतं. आणि वजनाचा स्वभावच असा, की ते सांगितल्याशिवाय समोरच्याला माहीत होत नाही.

म्हणून बघणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, काय करायचं ते सांगून थांबतो.

बोलावताना मजला सांगा, लिफ्ट आहे की नाही ते सांगा, जिना अरुंद असेल तर तेही. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या चार मजली सोसायट्या कितीतरी आहेत. जुन्या वाड्यातला दोर धरून चढायचा लाकडी जिना तर अशा यंत्रासाठी नाहीच. जिथे लिफ्ट आहे तिथेही 'सामानासाठी लिफ्ट वापरू नये' अशी पाटी असते. सोसायटीच्या सभेत त्या पाटीचा विषय काढा. लिफ्टच्या वजनाच्या मर्यादेत बसणारं यंत्र लिफ्टमधून गेल्याने लिफ्ट बिघडत नाही. बिघडते ती आपली लिफ्ट कुणी वापरावी याची कल्पना.

जिन्यातल्या चपलांचे स्टँड, कुंड्या, सायकली त्या दिवसापुरत्या बाजूला करा. वळणावरचा दिवा लावा. यंत्र जिन्यात असताना लहान मुलांना खालच्या पायऱ्यांवर सोडू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात साधं. काम संपल्यावर तो मुलगा विचारतो, "ताई, घाण पाणी बाथरूममध्ये ओतू का?" आपण म्हणतो, "नको रे, टाइल्स काळ्या होतील. खाली गटारात ओत." बोलणं एका वाक्याचं आहे. पण त्या वाक्याने टाकीतलं ३०-४० लिटर पाणी जिन्यावरून खाली जाणार असतं, उतरताना, हिंदकळत, आणि त्यातला बराचसा भार खाली उभ्या असलेल्या पोराच्या गुडघ्यांवर. बाथरूम पुसायला आपल्याला पाच मिनिटं लागतात. "ओत, मी पुसून घेते" किंवा "मी पुसून घेतो" म्हणा. मग जिन्याच्या वरच्या टोकाशी उभं राहून ते यंत्र खाली जाताना एकदा बघा. कोण वर आहे, कोण खाली आहे, किती वेळा टेकवतात. वजन तरीही दिसणार नाही. पण अनुमान करता येईल, आणि त्यासाठी ते पडायची वाट बघावी लागणार नाही.